कॉनीच्या नावाचं पाकीट

"आधी पाव खा. रिकाम्या पोटी असल्या गोष्टी ऐकू नयेत," मिस्टर पॅडली म्हणाले आणि मनुकांच्या पावावर चीजची जाडजूड चकती ठेवून त्यांनी बशी बेरिलपुढे सरकवली.

बेरिलला भूक नव्हती. दोन बस बदलून, मधल्या थांब्यावर पाऊण तास वारा खात ती या गावी आली होती. गुडघा ठणकत होता. बीटचा हंगाम ऐन भरात असताना साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून सुट्टी मागायची म्हणजे साहेबाचं वाकडं तोंड बघावं लागतं. काल तेही बघून झालं होतं.

"खाते. पण तुम्ही बोला."

"बोलतो ना, पोरी."

"पोर कसली! सप्टेंबरात साठ पूर्ण होतील मला."

"माझ्या चौऱ्याऐंशीपुढं पोरच की," म्हातारा म्हणाला. पण हसला नाही. बेरिलनं किटली उचलून दोघांसाठी चहा ओतला.

तीन वर्षांपूर्वी तिच्या आईनं, कॉनीनं, वृद्धाश्रमात पाऊल ठेवलं आणि त्याच आठवड्यात लेकीला कामाला जुंपलं. "तुझ्या बापाचं काय ते शोधून काढ," म्हणाली. बाप म्हणजे रेग मॉल्टबी. बॉम्बफेकी विमानाच्या शेपटीत, काचेच्या घुमटात मशीनगन धरून बसणारा गनर. वय बावीस. दुसऱ्या महायुद्धात, चव्वेचाळीसच्या जानेवारीत बर्लिनवर बॉम्ब टाकायला गेला तो गेलाच. बेरिल त्यानंतर आठ महिन्यांनी जन्मली. तिनं बाप पाहिला तो फोटोतच.

एकदा आईनं मनावर घेतलं की तिच्यापेक्षा भूत परवडलं. बेरिलनं सुट्टीच्या दिवशी लंडनच्या दफ्तरखान्यात जाऊन डोळे फोडून घेतले. विमानाचा क्रमांक मिळाला, किती वाजता उडालं ते मिळालं, बरोबरच्या सहा जणांची नावं मिळाली. कुणाच्या शेतात पडलं हेसुद्धा एका जर्मन मास्तरानं पत्र लिहून कळवलं. दर वेळी आई सगळं नीट ऐकून घ्यायची, चष्मा काढून मांडीवर ठेवायची आणि विचारायची, "आणि पत्र?"

रेगच्या विमानतळावर पोरं उड्डाणाआधी एक पत्र लिहून कपाटात ठेवायची. परत नाही आलो तर पोचतं करा, म्हणून. सगळे ठेवायचे. रेग मात्र म्हणायचा, असलं लिहिणं म्हणजे हातानं अपशकुन ओढवून घेणं. त्याचं सामान शेफील्डला त्याच्या आईकडे गेलं. त्या बाईनं कॉनीला कधी सून म्हटलं नाही. कॉनीनं चार पत्रं टाकली तेव्हा एका ओळीचं उत्तर आलं: तुझ्यासाठी त्यात काही नव्हतं. तेव्हापासून कॉनी दोन गोष्टींमध्ये लोंबकळत राहिली. सासूनं पत्र दडपलं, की नवऱ्यानं लिहिलंच नाही? रागाच्या दिवशी पहिली खरी वाटायची आणि एकटीच्या दिवशी दुसरी. एकटीचे दिवस बरेच असत, कारण तिनं पुन्हा लग्न केलं नाही. डब्यात वाटाणे भरण्याच्या कारखान्यात तिनं तीस वर्षं काढली आणि लेक वाढवली.

आता डॉक्टरांनी सांगितलं होतं की हृदय थकलंय, उन्हाळा दिसेलसं वाटत नाही. आणि गेल्या महिन्यात, जुन्या सैनिकांच्या पत्रिकेत बेरिलनं छापलेली चौकशी वाचून, थरथरत्या अक्षरातलं एक कार्ड आलं होतं: मी त्या तळावर सामानाच्या कचेरीत कारकून होतो. या.

"आमचं काम असं," मिस्टर पॅडली म्हणाले, "विमान परतलं नाही की सकाळी नऊच्या आत खाटा मोकळ्या करायच्या. दुपारी नवी पोरं यायची. मेलेल्याचे मोजे त्यांच्या दृष्टीस पडता कामा नयेत. घड्याळ, वस्तरा, फोटो, सगळं बांधून घरी पाठवायचं. पण आधी निवडायचं. किडके वाटाणे निवडतात ना, तसं."

"किडके म्हणजे काय?"

"दुसरीची पत्रं. घरी एक, इथल्या पबमध्ये एक. पोरगा तर गेला, वर त्याच्या आईच्या हातात ही भानगड कशाला द्यायची? साहेब सांगायचे, पॅडली, घरच्यांना वाचून रडू दुप्पट येईल असं जे असेल ते शेकोटीत. पुण्यच समजून करायचो आम्ही."

बेरिलनं हातातला पाव बशीत ठेवला. "माझ्या बापाला दुसरी होती?"

"मला तेच वाटलं," म्हातारा म्हणाला.

मग एकेक शब्द जिना चढावा तसा बोलत गेला. कागदावर रेग मॉल्टबी अविवाहित. जवळचं माणूस, आई. कपाटात एका मुलीचा फोटो, मागं 'तुझी आयरिस'. आईचं पत्र, त्यात ईस्टरला आयरिसशी लग्न उरकून टाकू असा धोशा. आणि सगळ्यांत खाली, शर्टाच्या घडीत, चिकटवलेलं पाकीट. त्यावर नुसतं 'कॉनीला'. आडनाव नाही, पत्ता नाही.

"म्हटलं, इथलीच असणार कुणीतरी. शेकोटी पेटलेलीच होती."

"इथलीच होती!" बेरिलचा आवाज चढला. "त्याच तळावर होती ती. पॅराशूटच्या घड्या घालायची. तुमच्या दारापासून तीनशे पावलांवर. पत्ता कशाला लिहील तो? कुणीतरी हातात नेऊन देईल असं वाटलं असेल त्याला."

"माहीत आहे."

"दारात उभं राहून हाक मारली असती तरी—"

"माहीत आहे गं. चौथ्या दिवशी ती आली होती कचेरीत. हातात लग्नाचा दाखला. तीन आठवड्यांचं लग्न, कुणाला न सांगता केलेलं. साहेबानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, 'हिच्यासाठी काही नव्हतं, सर.'"

"तिच्या तोंडावर?"

"तिच्या तोंडावर. इस्त्रीचा गणवेश, केस नीट बांधलेले. रडलीसुद्धा नाही. 'थँक यू' म्हणाली मला." मिस्टर पॅडलींनी टेबलावरचा पावाचा चुरा तळहातानं गोळा केला आणि कुठं टाकावा हे न सुचून मुठीतच धरला. "चोवीस वर्षांचा होतो. अंगात धाडस नव्हतं. नंतर कधी आलंच नाही."

बेरिलला संतापायचं होतं. तीन वर्षं ज्याला शोधत होती तो माणूस समोर बसला होता. पण संताप यायला अंगात काहीतरी शिल्लक लागतं. तिला नुसतं थकल्यासारखं झालं.

"वाचलंत का तुम्ही?"

"नाही. वाचून ठरवायचं, असा नियम होता. त्या दिवशी दोन विमानं गेली होती, चौदा खाटा. न उघडताच टाकलं."

"जाड होतं?"

"हाताला लागण्याइतकं होतं. तीन पानं असतील." मग म्हणाले, "तिला सांगायचं की नाही ते तू ठरव, पोरी. मी थकलो."

परतीच्या बसमध्ये काचेबाहेर काळी नांगरटीची जमीन आणि बीटचे ढीग मागे पडत होते. बेरिल मांडीवरची फाईल दोन्ही हातांनी धरून बसली होती. पत्र होतं, ही बातमी सोन्याची. पण त्या बातमीला काटा होता, आणि तो नेमका आईच्याच काळजात जाणारा. विमान परतलं नाही त्या सकाळी कॉनी मूग गिळून बसली होती. नवरा-बायकोला एका तळावर ठेवत नसत. लग्न कळलं असतं तर तिची बदली झाली असती. तिनं त्याच सकाळी एक शब्द काढला असता तर पाकीट तिच्या हातात पडलं असतं. चार दिवस गप्प राहिली आणि नऊ वाजताच सगळं संपलं होतं.

हे म्हातारीला या वयात कशाला सांगायचं? सोपा मार्ग समोर होता. पत्र होतं, सासूनं जाळलं. आईला तसा संशय होताच. सासू जाऊन चाळीस वर्षं झाली होती. तिच्या डोक्यावर आणखी एक पाप ठेवलं तर तिचं काय बिघडणार होतं? शहर येईपर्यंत बेरिलनं वाक्यं जुळवून ठेवली.

चहाच्या वेळेला ती पोचली तेव्हा आई खिडकीपाशी खुर्चीत होती. पाय सुजले होते म्हणून स्टुलावर ठेवलेले.

"किती उशीर! भेटला का तो?"

"भेटला."

"कसा आहे?"

"म्हातारा आहे."

"मग मी काय कोवळी आहे? सांग ना. उगाच घोळवू नकोस."

बेरिल कोट न काढताच पलंगाच्या कडेला बसली. "पत्र होतं, आई. तुझ्या नावाचं. बापानं लिहिलं होतं."

कॉनीचा हात चष्म्याकडे गेला आणि मध्येच थांबला. हलक्या आवाजात ती म्हणाली, "तिनं घेतलं ना? म्हातारीनं?"

इथं फक्त हो म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं. पण सकाळपासून बेरिलच्या अंगातलं सगळं संपलं होतं, आणि खोटं बोलायलाही जोर लागतो.

"नाही," ती म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं. आयरिसचा फोटो, पाकिटावरचं नाव, शेकोटी, नऊ वाजता.

"नऊ वाजता?"

"हो."

"आणि मी गेले चौथ्या दिवशी."

"आई, तुला काय माहीत असणार—"

"थांब जरा. मला मोजता येतं." कॉनी खिडकीबाहेर बघत होती. "नऊ वाजता मी धावपट्टीकडं डोळे लावून उभी होते. म्हटलं, तेल संपलं असेल, किनाऱ्यावर कुठंतरी उतरला असेल. जेवायला येईल. मी तोंड उघडलं तर मला दुसरीकडं पाठवतील, मग आल्यावर त्याला मी दिसणार कशी? चार दिवस असंच. इतकी वेडी होते मी, बेरिल."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. बेरिलनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"साठ वर्षं शिव्या घातल्या मी त्या बाईला," कॉनी शेवटी म्हणाली. "फुकट गेल्या."

"सगळ्या नाही गेल्या. थोड्या तिला लागू होत्याच."

म्हातारीच्या तोंडून हसू फुटलं, त्यातच खोकला आला. बेरिलनं पाणी दिलं. दोन घोट घेऊन कॉनीनं पेला परत केला आणि एकदम विचारलं, "त्यानं वाचलं का? त्या कारकुनानं?"

"नाही. उघडलंच नाही म्हणाला."

"साहेबानं?"

"कुणीच नाही. बापाशिवाय त्यात काय होतं ते कुणालाच ठाऊक नाही."

"किती पानं होती?"

"तीन असतील, म्हणाला. जाड होतं."

"तीन," कॉनी म्हणाली. "दोन ओळींची चिठ्ठी लिहायला कुरकुरायचा. तीन पानं!"

तिनं पदर लावावा तसा रुमाल डोळ्यांना लावला, नाक साफ केलं, स्वेटरची वरची गुंडी लावली. तेवढ्यात चहाची गाडी ढकलत लोरेन आली. लोरेन आश्रमात कामाला होती. तिला कुणाचंही दुःख दारातूनच दिसायचं आणि ती नेमकी त्यालाच हात घालायची.

"हे काय कॉनी, डोळे लाल? लेकीनं रडवलं वाटतं?"

"लेकीनं नाही," कॉनी म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं मला पत्र लिहिलं होतं. जायच्या आधी. तीन पानी."

"अगं बाई! आणि आज सापडलं?"

"सापडलं नाही. जळलं ते. पण लिहिलं होतं."

लोरेन कपात दूध घालता घालता थांबली. "काय लिहिलं होतं त्यात?"

कॉनी खुर्चीत सरळ होऊन बसली. सुजलेले पाय तिनं स्टुलावरून खाली घेतले.

"नवरा-बायकोतलं आहे ते," ती म्हणाली. "असं कुणाला सांगतात का?"

लोरेन ओशाळली. तिनं कप पुढे केला. कॉनीनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि चहा पार निवेपर्यंत तसाच धरून बसली.