पुसलेली दोरी

"तो व्हिडिओ पोरीसमोर लावू नकोस गं. ती बघते ते करते," सासूबाई म्हणाल्या होत्या. सुनेनं ते हसण्यावारी नेलं.

"आई, नुसता पाय आहे तो. वाघ-सिंह नाही!"

"तेच म्हणते मी. एवढी शिकलेली माणसं, अन् नुसता पाय? बाकीचा नाकतोडा कधी येणार?"

पाच वर्षांची भिंगरी खिदळली. "आई, परत लाव ना!"

सून प्रयोगशाळेत नाकतोड्यासारखे उड्या मारणारे यांत्रिक पाय बनवायची. त्यांत मोटार नसे. तेल भरलेल्या चपट्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, हेच त्यांचे स्नायू. वीज दिली की पिशव्या आखडायच्या आणि पाय टुणकन उडायचा. उडी झकास; नीट उतरण्याच्या नावानं मात्र बोंब. म्हणून तो वरून बारीक दोरीनं बांधलेला असे. पाहुण्यांना दाखवायच्या व्हिडिओतून तिनं ती दोरी पुसून टाकली होती, अगदी सफाईनं. प्रयोगशाळेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरी सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

रविवारी ती कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. शेजारची खोली शांत होती. एरवी पोर नुसती शिंकली तरी धावणारी बाई. पण त्या दिवशी तिला ती शांतता गोड लागली. मग कपाटाचं दार करकरलं आणि वरून धप्पकन काहीतरी पडलं.

कपाटावरून उडी मारलेल्या भिंगरीचं हाड गुडघ्यापाशी मोडलं, नेमकं वाढीच्या जागी. तो पाय कदाचित आखूड राहील, असं डॉक्टर म्हणाले.

दवाखान्यात भिंगरीनं विचारलं, "मी गुडघे त्याच्यासारखेच वाकवले होते. तो पडत नाही, मग मीच कशी पडले?"

आईनं फोनवर मूळ व्हिडिओ काढला आणि दोरीवर बोट ठेवलं. "ही होती, राणी. मी पुसली."

"का?"

"छान दिसावं म्हणून."

पोर त्या दोरीकडे बघत राहिली. 'मी सांगत नव्हते?' एवढं तरी सासूबाईंनी म्हणावं, असं सुनेला फार वाटलं. त्यांनी फक्त पांघरूण सारखं केलं.

आता सुनेच्या प्रत्येक व्हिडिओत दोरी ठसठशीत दिसते. भिंगरी चालते, एका बाजूला जराशी कलून. आणि आईला घरातली शांतता सोसत नाही. हे वाचणाऱ्यांना तिचं एवढंच सांगणं आहे: शेजारच्या खोलीत मूल असेल आणि काहीच आवाज येत नसेल, तर हे खाली ठेवा. आधी उठून बघून या.