संध्याकाळी येणारी पेरियार

दिवाकरन चेट्टन, माझा थोरला भाऊ, अम्माच्या अस्थी घेऊन आला तो नेमका रविवारी. लाल फडक्यात बांधलेलं मडकं मांडीवर ठेवून अख्खा डोंगर बसने उतरला होता. तोंड एवढंसं झालेलं. रडून रडून मीही थकले होते.

अम्माची इच्छा एकच, पेरियारमध्ये सोडा, दुसरी नदी नको. चेट्टनने तिला शब्द दिला होता. पेरियार त्याच्या घरामागून जाते. म्हणजे जायची. वर धरण झालं आणि तिचं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने आमच्या बाजूला आलं, वीजघर फिरवून आमच्या तोडुपुळा नदीत पडायला लागलं. तेव्हापासून भर उन्हाळ्यातही आमची नदी भरलेली, आणि चेट्टनच्या परसात नुसते दगड. माझं लग्न इकडे झालं, त्यात माझा काय दोष? पण दर ओणमला जेवता जेवता तो टोमणा मारणारच: "आयत्या बिळावर नागोबा! पी, आमचीच नदी पी."

आज तोच माझ्या ओट्यावर बसला होता.

"तिकडे सोडून बघितल्या गं," तो म्हणाला. "एक डबकं उरलंय. चिमूटभर राख टाकली, ती तिथेच तरंगत राहिली. हलेचना. बाजूला म्हशी बसलेल्या. मला बघवेना. ओंजळीने परत गोळा केली."

मला भडभडून आलं. "इथलं पाणी तिचंच आहे, चेट्टा. चल."

नदीच्या पायऱ्या उतरलो तर पात्र उघडं पडलेलं. रविवार. कचेऱ्या बंद, कारखाने बंद, विजेला गिऱ्हाईक नाही. वीजघर थांबलं की पाणीही थांबतं. मधून वाहत होता तो आमच्या नदीचा स्वतःचा एवढासा ओहोळ. शेजारची मरियाचेच्ची मॅक्सी खोचून दगडांत काहीतरी शोधत होती. पाणी उतरलं की वाहून गेलेली भांडी शोधायला आम्ही सगळ्याच उतरतो.

"सरसम्मे, माझी पळी सापडली!" ती मला बघून ओरडली. मग मडकं बघून वरमली. "आत्ता नका सोडू हो. हे पाणी तोडुपुळाचं. तुमची पेरियार अजून डोंगरापलीकडेच आहे. घराघरांत दिवे लागले की येईल."

चेट्टन पायरीवर मटकन बसला. "म्हणजे कोणीतरी पंखा लावेपर्यंत अम्माने थांबायचं?"

"मिक्सर लावला तरी चालेल," मी म्हणाले.

हसण्याची वेळ नव्हती, पण दोघंही हसलो. मी घरून कांजी, आपली तांदळाची पेज, आणली. त्याने दोन घास खाल्ले, वाटी बाजूला सारली.

"इतकी वर्षं तुला बोल लावले," तो म्हणाला. "शेवटी तुझ्याच दारात आलो."

"लाव अजून. संध्याकाळपर्यंत वेळ आहे."

त्याच्यात तेवढंही त्राण नव्हतं. मडक्यावर हात ठेवून तो बसल्या जागी पेंगत राहिला, आणि मी त्याच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिले.

उन्हं कलली. पलीकडच्या चर्चमध्ये दिवे लागले, मग एकेका घरात. "वर या, पाणी आलं!" मरियाचेच्ची ओरडली. बघता बघता दगड बुडाले, खालच्या पायऱ्या बुडाल्या. धरणाच्या तळातलं पाणी, बर्फासारखं गार.

चेट्टन घोट्याएवढ्या पाण्यात उतरला. मी मागून त्याचं कमरेचं मुंडू घट्ट धरलं. त्याने मडकं उपडं केलं आणि हात जोडायला गेला, तोवर पाण्यावर काही उरलं नव्हतं. राख, हाडं, लाल फडकंसुद्धा वळणापलीकडे गेलं.

तो तसाच उभा राहिला. मग लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

"गेली का गं? नीट बघूही दिलं नाही."

"वाहतं पाणी आहे, चेट्टा."

"हो," तो म्हणाला. "विसरलोच होतो मी. आपली नदी वाहायची."