कुकरचा कायाकल्प

चौऱ्याण्णव साली बंगळूरच्या बसवनगुडीतल्या एका कल्याण मंडपात इतकी गर्दी होती, की मला आधी लग्नच वाटलं. पण लोकांच्या हातात आहेर नव्हते, प्रेशर कुकर होते. वाफ तुंबली की वितळायला हवा तो सेफ्टी व्हॉल्व्ह वितळत नव्हता, म्हणून कंपनीने हजारो कुकर परत मागवले होते. आमच्याकडेही तो वितळला नाही. झाकण उडालं आणि माझी बायको गेली. तो कुकर कंपनीने ‘तपासणीसाठी’ नेला, त्याला दोन महिने झाले होते. उत्तर नव्हतं, म्हणून मी आलो होतो.

स्टेजवर मॅनेजर मोहनकुमार नारळ फोडून गरजत होते, "जुना या दाराने आत, नवाकोरा त्या दाराने बाहेर! नवा लाल व्हॉल्व्ह! अशी कंपनी जगात नाही!"

हार घातलेले चकचकीत कुकर बाहेर येत होते. लोक हात जोडत होते. कुकरला की मॅनेजरला, कळत नव्हतं.

शेजारच्या पुष्पावतीअक्का कुकर घेऊन आल्या. "देवमाणसं हो, बाळण्णा! उद्या नातवाचा वाढदिवस, यातच बिसीबेळे भात. पण झाकणाच्या दांड्याखाली हे ठिपके कसले? आतला माणूस म्हणाला, कंपनीचा नंबर."

मी चष्मा लावला. अक्कांना फक्त कन्नड वाचता येतं, त्या आतल्या माणसालाही तेवढंच येत असावं. ठिपक्यांची अक्षरं मराठी होती. मी वाचलं : सौ. अनुसूया. माझी बायको.

नाव घातल्याशिवाय ती भांडं वापरायला काढत नसे. झाकणं बदलतात म्हणून झाकणावरही घालून घेई. पॉलिशचं चाक दांड्याखाली पोचलं नव्हतं.

मी स्टेजवर गेलो. "हा नवा?"

"शंभर टक्के, सार!"

"मग माझ्या बायकोचं नाव कारखान्यातच घातलंत? फार माया हो तुमची."

व्हॉल्व्ह खरवडला. लाल रंग नखात आला. खाली जुनाच, काळा.

"स्वल्प थांबा सार, आत बसून बोलू."

"सरी, चला. सगळेच आत येतो."

लोकांनी पडदा ओढला. आत पॉलिशची मोटर, लाल रंगाचा डबा आणि हारांची टोपली. ह्याचा कुकर पुसायचा आणि त्याला द्यायचा, चमत्कार एवढाच.

झाकण मी पोलिसांत दिलं. अक्कांनी भात उघड्या पातेल्यात शिजवला. तासभर उशीर झाला, पण जेवायला सगळे होते.

माल परत घेतला म्हणून कंपनीला देव करू नका. जुन्याचं काय केलं ते विचारा, तो तुमच्यासमोर मोडायला लावा. आणि हात जोडण्याआधी झाकण उलटं करून बघा.