चकती हळू फिरू लागली तेव्हा

मी एक जुना विजेचा मीटर आहे. मित्रांनो, आमच्याबद्दल तुम्हाला फारसा जिव्हाळा नसणार, हे मला ठाऊक आहे. बिल वाढले की घरातले सगळे आधी आमच्याकडेच डोळे वटारून बघतात. दिवे चालू ठेवून झोपणारा मोकळा, आणि मोजणारा गुन्हेगार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमची पातळ चकती, तिच्या कडेवर एक लाल खूण, आकड्यांची चिमुकली चाके आणि वर काच, एवढाच माझा संसार. तपासणी करणाऱ्या बाईंनी मला एका पारखलेल्या मीटरशेजारी लावून कितीतरी वेळ फिरवले. मग शिशाचे सील दाबत त्या म्हणाल्या, "जा आता. खोटं बोलू नकोस." त्यांचा शब्द मी आयुष्यभर पाळला. माझे दुःख त्यातच आहे.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, दाराच्या वर मला बसवले. खाली बुटांचे कपाट, बाजूला खुंटीवर दोन छत्र्या. घरात माणसेही दोनच. लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीतून निवृत्त झालेले आजोबा आणि त्यांची सून. मुलगा अकाली गेला आणि ही दोघे एकमेकांना उरली. सून लोकांचे कपडे घरी आणून इस्त्री करी आणि गठ्ठे बांधून पोहोचवी. इस्त्री तापली की माझी चकती धावू लागे. "पळा, पळा! माझ्याआधी तुमचंच पोट भरतं," असे ती मला चिडवत असे. आजोबांची छाती मात्र कमकुवत होती. थंडीत त्यांच्या खोलीतला हीटर दिवसभर बंद करायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावून ठेवले होते.

एका वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर विजेचे दर भडकणार अशी बोलवा उठली. आमच्या कंपनीने जाहीर केले की जे ग्राहक आपल्याकडेच राहतील, त्यांचे दर दोन हिवाळे गोठवले जातील. म्हणजे बिल गोठणार नव्हते बरे का! जितकी वीज जाळाल तितके मोजावे लागणारच होते, फक्त एका युनिटचा भाव चढणार नव्हता. त्याच आठवड्यात दुसऱ्या कंपनीचा विक्रेता दारात उभा राहिला. त्याच्या जिभेवर साखर होती आणि त्याचा भाव आमच्याहून कमी होता. तो भाव किती दिवस टिकेल, हे मात्र त्याने बाजारावर सोडून दिले.

"बाबा, आत्ता तरी स्वस्त पडेल," सून म्हणाली.

"आणि पुढे वाढवला तर?"

"तर परत येऊ जुन्या कंपनीत."

"अगं, सोडून गेलेल्याला तो गोठवलेला दर परत थोडाच देणार आहेत? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं म्हणजे..."

सुनेचा चेहरा उतरला. नवरा गेल्यापासून घराचा प्रत्येक निर्णय तिने एकटीने घेतला होता. आजोबांनी ते पाहिले आणि आवाज खाली आणला.

"घर तू चालवतेस, सूनबाई. तुला पटत असेल तर कर."

तिने सही केली. मी मात्र जागच्या जागी राहिलो, मालक तेवढा बदलला.

आणि दुसऱ्याच महिन्यात नव्या कंपनीने भाव चढवला. सून त्या दिवशी जेवली नाही. आजोबा तिला एका शब्दाने बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी ती गठ्ठे घेऊन बाहेर पडताच ते उठले आणि त्यांनी आपला हीटर बंद केला. जिन्यात तिची पावले वाजली तेव्हा तो पुन्हा चालू झाला. मग हे रोजचेच झाले. एकदा माझ्याखाली उभे राहून ते पुटपुटले, "आपण चुकलो असं पोरीला वाटायला नको. तू गप्प राहा."

मी बोलणार तरी कसा?

बिल आले तेव्हा सुनेचा विश्वास बसेना. भाव चढूनही ते उलट उतरले होते. तिने माझ्या काचेवर लाडाने टिचकी मारली. "शहाणा रे माझा मीटर! बघा बाबा, उगाच घाबरत होतो आपण." मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा माझे कौतुक झाले आणि ते माझ्या घशाखाली उतरेना.

गोष्ट तिथेच थांबली असती तर निभावले असते. पण सुनेने ती आनंदाने खालच्या मजल्यावरच्या मावशींना सांगितली. मावशींच्या घरात तान्हा नातू होता, हीटर अखंड चालू असे. आणि त्यांचा दर अजून गोठवलेला होता. "तुझं बिल कमी येतंय म्हणजे मीही कंपनी बदलते. उद्याच सही करून टाकते!" त्यांचा खणखणीत आवाज जिन्यातून माझ्यापर्यंत आला. माझी चकती तशीच हळूहळू फिरत राहिली.

त्याच दुपारी सून एक गठ्ठा विसरली म्हणून अर्ध्या वाटेवरून धावत परतली. सवयीने तिने वर पाहिले. चकती जवळजवळ उभी होती. मी बिघडलो असे वाटून तिने काचेवर बोट आपटले. मग तिचा हात तसाच थांबला. पायातले बूट न काढता ती आत गेली.

आजोबा कोट आणि टोपी घालून खुर्चीत बसले होते. तिचा विसरलेला गठ्ठा त्यांच्या मांडीवर होता आणि दोन्ही हात त्यांनी कपड्यांच्या घड्यांमध्ये खुपसले होते.

"बाबा, हे काय?"

"अजून गरम होते गं," ते ओशाळून म्हणाले. "ऊब वाया कशाला घालवायची?"

ती खाली बसली आणि त्यांचे हात चोळू लागली. ती रडत होती.

"तू काही चुकली नाहीस हं," आजोबा म्हणाले.

"चुकले बाबा. आणि तुम्ही मला ते कळूही दिलं नाहीत."

हीटर लागला आणि मी जीव तोडून धावलो. डोळे पुसून सून खाली गेली. "मावशी, सही करू नका. माझं बिल कंपनीमुळे उतरलंच नव्हतं, हीटर बंद करून बाबा गारठत होते," हे सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगायला तिला किती जड गेले असेल! मावशी जुन्या कंपनीतच राहिल्या. आमच्या घराला मात्र परतीची वाट नव्हती. सुनेने आणखी चार घरांचे कपडे घेतले. आजोबांचा खोकला उन्हाळ्यातही गेला नाही.

पुढे नव्या कंपनीने माझे सील तोडले आणि माझ्या जागी आकडे चमकवणारा नवा मीटर बसवला. आता मी एका गोदामात पोत्यात पडून आहे. आजोबांचे पुढे काय झाले, मला कळले नाही. मी कधी खोटे बोललो नाही, पण गारठलेली बोटे मोजणारे चाक माझ्यात नव्हते.

म्हणून सांगतो मित्रांनो, कंपनी बदला किंवा बदलू नका, ते चार प्रश्न विचारून ठरवा. पण घरचे बिल अचानक उतरले, तर मीटरची पाठ थोपटण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा हात आपल्या हातात घेऊन बघा.