सात फूट पत्रा

व्हरांड्यावरच्या पत्र्याचा कोपऱ्यातला स्क्रू चार मिलिमीटर वर आला होता. गेल्या वर्षी तो तीन मिलिमीटर होता. सूनबाई स्टुलावरून उतरली आणि हातातली पट्टी पुसू लागली. ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची, पण सासूच्या तोंडून ऐकून ऐकून अख्खी गल्ली तिला सूनबाईच म्हणे.

वादळांना तीन आठवडे उरले होते. मागच्या मोसमात पलीकडच्या गल्लीतलं एक छप्पर उडून थेट शाळेच्या मैदानात जाऊन बसलं होतं. आपलं वाचलं ते नशिबाने, हे कळायला तिला आकडेमोड करावी लागली नव्हती.

तरीही छपराचा ठेकेदार काही ठरत नव्हता. तीन वर्षांत चार येऊन गेले. पहिला फोनवर बोलत बोलत मापं घेत होता. दुसरा वर चढलाच नाही. तिसरा "काळजीच करू नका" असं अकरा वेळा म्हणाला. तिने मोजलं होतं. चौथ्यात काहीच खोट सापडेना, तेव्हा त्याची शिडी वाकडी निघाली. नवऱ्याने या प्रकरणातून केव्हाच अंग काढून घेतलं होतं.

"माझ्या मुलाशी लग्न ठरवताना दोन प्रश्न विचारलेस," सासूबाई म्हणाल्या, "आणि पत्रेवाल्याला तेवीस!"

"तिथेच तर चुकलं माझं, आई."

सासूबाई हे व्हरांड्यातून बोलत होत्या. त्या सगळं व्हरांड्यातूनच बोलत. घराचा पत्रा भिंतीच्या पुढे सात फूट आला होता आणि त्याच्या सावलीत त्यांची वेताची खुर्ची होती. गुडघे धरल्यापासून त्या फाटकाबाहेर गेल्या नव्हत्या. गल्लीच त्यांच्याकडे येई. कुणाची सायकल पंक्चर झाली इथपासून कोण कुणाशी बोलायचं थांबलं इथपर्यंत सगळं तिथे आधी कळे.

पाचवा ठेकेदार आला तो न बोलता वर चढला. अर्धा तास पत्र्यावर ठकठक ऐकू येत राहिली. तो खाली उतरल्यावर सूनबाईने तेवीस प्रश्नांचा कागद पुढे केला. त्याने तो घडी करून खिशात घातला.

"घरी वाचतो. आधी सांगा, हा पुढचा पत्रा कुणाची हौस?"

"माझी," सासूबाई म्हणाल्या. "का?"

"आजी, वारा याच्या खाली शिरतो आणि उचलतो. हा आतल्या छपराशी अखंड आहे. हा सुटला की डोक्यावरचं सगळं घेऊन जाईल. बाकी पत्रे मी लोखंडी पट्ट्या मारून भिंतीला जखडून देतो. पण इथे भिंतीपुढे एक फूट ठेवायचा, बाकी कापायचा. तसाच ठेवायचा असेल तर दुसरा माणूस बघा. परवापासून पाच दिवस मोकळा आहे, मग मोसम संपेपर्यंत नाही."

सूनबाईने त्याच्या शिडीकडे पाहिलं. शिडी सरळ होती.

"खांब जाड केले तर?"

"ताई, उत्तर तुम्हाला माहीत आहे. तोंडावर दिसतंय."

"तिला तीन वर्षांपासून माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या. "वही टेबलावर उघडी टाकून कॉलेजला जाते. घर काढलंय, पत्र्याखाली बाण, पत्र्यावर बाण, आणि मधे खुर्चीत मी. नाक जरा मोठं काढलंय."

सूनबाईचे कान तापले. "मग आई, बोलला का नाहीत?"

"मी कशाला बोलू? माझा व्हरांडा मीच कापा म्हणू? आणि तू एकेका बिचाऱ्याला वाटेला लावत होतीस ते बघायला मजा येत होती. शिडीवाल्याची तर मला दया आली." मग त्यांचा आवाज जरा उतरला. "मागच्या वादळात तू माझी खाट तीनदा हलवलीस. म्हणे, फरशी पुसायचीय. वादळात फरशी कोण पुसतं गं?"

समोरच्या घरातली बाई दारात येऊन "काय चाललंय?" अशा अर्थी हात हलवत होती. सासूबाईंनी तिला "थांब, सांगते" असा हात केला.

ठेकेदाराने टेप गुंडाळली. "बोला. ठेवायचा की कापायचा?"

"माझ्याकडे काय बघतेस?" सासूबाई म्हणाल्या. "मी कापा म्हटलं तर जन्मभर म्हणशील, आईंनीच सांगितलं होतं. शिकलेली तू आहेस. तीन वर्षं मूग गिळून बसलीस, तेवढं पुरे झालं."

सूनबाईने एकदा वर पाहिलं, एकदा खुर्चीकडे.

"कापा," ती म्हणाली. "परवा सकाळी या."