थाळीची खालची बाजू

हवेतली घाण विजेच्या लाइनवर कुठे किती बसते, याचा नकाशा काढणं हे धाकटीचं काम. मनोऱ्यावर तारा ज्या चिनी मातीच्या थाळ्यांच्या माळेला टांगलेल्या असतात, त्या थाळ्या ओल्या कापसाने पुसायच्या, कापूस शुद्ध पाण्यात पिळायचा, पाण्यात क्षार किती उतरले ते यंत्राला विचारायचं आणि नकाशावर त्या मनोऱ्याला हिरवा, पिवळा नाहीतर लाल ठिपका द्यायचा. लाल म्हणजे धोका. धुकं पडलं की ती घाण ओली होते आणि वीज तिच्यावरून आपली वाट काढते.

"पगार घेऊन धूळ पुसतेस होय गं?" असं दादा तिला जेवताना चिडवायचा. दादा त्याच मनोऱ्यांवर चढणारा लाइनमन. धुक्याच्या एका सकाळी तो वर चढला, माळेवरून जाळ उडाला आणि दादा खाली आला तो गेलेलाच.

वीज कंपनीच्या कचेरीने हात झटकले. म्हणे सुरक्षित अंतर सोडून पुढे सरकला, स्वतःच्या निष्काळजीपणाने गेला. मेलेला माणूस उलट बोलत नाही, ही कचेऱ्यांची मोठी सोय.

धाकटी रडली नाही. मुंग्या आलेला हात जसा दुसऱ्याचाच वाटतो, तसं तिला स्वतःचं सगळंच वाटत होतं. कामावर जायची, संध्याकाळी वहिनीकडे जेवायची. पण दादा जन्माचा घाईचा, जिना चढतानाही पायऱ्या गाळणारा. म्हणून कचेरीचं बोलणं तिच्या मनात ठाण मांडून बसलं होतं. ते खोटं निघावं, एवढंच तिला हवं होतं.

त्या मनोऱ्यावरून उतरवलेली माळ तपासणीसाठी धाकटीच्या प्रयोगशाळेत आली ती लखलखीत. घेऊन आलेल्या दादाच्या टोळीच्या मुकादमाला तिने विचारलं, "या कुणी पुसल्या?"

"आम्हीच, ताई. त्याची शेवटची माळ. तशीच मळकी तुमच्या हातात द्यायला जीव होईना."

दादाच्या बाजूचा एकमेव पुरावा त्याच्याच दोस्तांनी फडक्याने पुसला होता. दुसरं कुणी असतं तर धाकटीने आकाशपाताळ एक केलं असतं. ती "बरं" म्हणाली.

नियमाने थाळीच्या दोन्ही बाजू एकाच कापसाने पुसायच्या. तिने आधी फक्त वरची पुसली. यंत्र हिरवं बोललं. मग तिने थाळी पालथी घातली. खालच्या अंगाला एकात एक कंगोरे असतात. तिथे पाऊस पोचत नाही, आणि मायेने फिरवलेलं फडकंही पोचलं नव्हतं. बोटाला कापूस गुंडाळून तिने खोबणी कोरली, तर जवळच्या सिमेंट कारखान्याच्या धुळीचा राखाडी थर निघाला. तिने एकेक करून सगळ्या थाळ्या पाहिल्या. आकडा लालच्याही पुढे गेला. त्या धुक्यात ही माळ पेटणारच होती, आणि अंतर राखून उभ्या असलेल्या माणसालाही त्या जाळाने खाली फेकलं असतं.

तिने मनोऱ्याला लाल ठिपका दिला, अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि तडक वहिनीचं घर गाठलं. वहिनी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"वहिनी, दादाची चूक नव्हती. माळच घाणीने भरलेली होती. मी मोजलं."

वहिनीचे हात थांबले. "चूक नव्हती ते मला माहीतच होतं. कचेरीतला माणूस सांगायला आला, तेव्हाच त्याला दारातून परत धाडलं मी." तिने मान वर केली. "तुला मोजावं लागलं?"

धाकटीने पुढ्यातला एक कपडा उचलून घडी घालायला घेतला.

"म्हणजे इतके दिवस माझ्याकडे जेवत होतीस, ते त्याला दोषी धरून?"

हे वहिनीने चिडून म्हटलं असतं तर सोसलं असतं. तिने नुसतं विचारलं. धाकटीला तेव्हाही रडू आलं नाही. ती "हो" म्हणाली.