कपाळावर घासलेलं बोट

मित्रांनो, मी सिसिलीच्या बंदरावरचं एक म्हातारं यंत्र आहे. बोटीतून उतरणाऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे घेणं हे माझं काम.

युरोपातल्या बहुतेक देशांनी मिळून एक नियम केला आहे. आश्रय मागणाऱ्याचे ठसे जिथे पहिल्यांदा उमटतील, बहुतेक वेळा त्याच देशाने त्याचा अर्ज ऐकायचा. तो पुढे दुसऱ्या देशात गेला, तर तिथलं माझं भावंड त्याला ओळखतं आणि त्याला परत धाडतात. मी कधी चुकलो नाही. मोठे साहेब येऊन माझी वाहवा करायचे, तेव्हा मी काय फुगायचो म्हणून सांगू!

एकदा आफ्रिकेतल्या एरिट्रियाची तिर्हास नावाची बाई बोटीतून आली. खाऱ्या पाण्याने तिची बोटं पार सुरकुतली होती. ठसा काही उमटेना.

"कपाळावर बोट घास, पोरी," ठसे घेणारी कार्मेला म्हणाली. "कपाळाचं तेल लागलं की उमटतो." मग तिने तिर्हासचे गार हात आपल्या हातांत धरून चोळले.

"काय गं, ठसे घेतेस की नखं रंगवतेस?" शेजारच्या टेबलावरचा नुन्झिओ हसला.

"तू गप रे!"

तिर्हासने मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये विचारलं, "हे झालं की स्वीडनला जाता येईल ना? माझी बहीण आहे तिथे. दुसरं कोणीच नाही मला."

"आधी ठसा तर दे," कार्मेला म्हणाली.

तिर्हासने कपाळावर बोट घासलं. ठसा लख्ख उमटला. कार्मेलाने मान वर केली नाही.

मग माझी काच चरे पडून धूसर झाली. पुसायलाही कोणाला सवड नसे. अशाच एका सकाळी पोलिसांनी एका बाईला विमानतळावरून आणलं. तिर्हासच होती ती!

"अगं, तू?" कार्मेलाच्या तोंडून निघालं.

"बहिणीच्या घरी जेवायला बसले होते," तिर्हास म्हणाली. "तिने ताटात वाढलं, तेवढ्यात पोलीस दारात आले."

कोणी सांगायच्या आतच तिर्हासने बोट कपाळावर घासलं आणि माझ्या काचेवर ठेवलं. मी तिला लगेच ओळखलं. मित्रांनो, तेव्हा मला माझ्या हुशारीची फार लाज वाटली.

माझी काच पुसा, मला जपा, एवढंच मागणार होतो मी तुमच्याकडे. आता वेगळं मागतो. ठसा कोणाचा, ते मी सांगेन. ती कोणाकडे निघाली होती, हे तेवढं तुम्ही विचारत जा.